बाटली, मोबाईल आणि वाहतं पेट्रोल

नागपुरात पारा बेचाळिशी ओलांडू लागला की पेट्रोल पंपांवर दोन वाद हमखास तापतात. एक, ‘मोबाईल वापरू नका’ अशी पाटी का. आणि दोन, बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल का देत नाहीत. त्यात ‘उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, गाडीचा स्फोट होईल’ हा दरवर्षीचा फॉरवर्ड येतोच. तेल कंपन्या दरवर्षी तो खोडून काढतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो नव्या दमाने परत फिरतो. वाद घालणाऱ्यांचे दोन गट ठरलेले. एकाचं म्हणणं, नियम आहे तर पाळा, उगाच डोकं चालवू नका. दुसऱ्याचं म्हणणं, हे सगळं थोतांड आहे, वर्षानुवर्षं बाटलीत पेट्रोल नेतोय, काही झालं नाही. माझं मत असं की बाटली नाकारणारा पंपवाला बरोबर आहे, पण त्याला सांगितलेलं कारण चूक आहे. कारण चूक असल्यामुळे तो नियमही अर्धवटच पाळला जातो. पंपावरचा खरा धोका पेट्रोल वाहतं यातच आहे. पेट्रोल नळीतून, फिल्टरमधून, तोटीतून वाहताना वीज तयार होते, आणि या वादात तिचं नाव कोणीच घेत नाही.

मोबाईलचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यात फारसं काही नाही. ज्या मशीनवर मोबाईलवर काट मारलेलं चित्र आहे, त्याच मशीनवर आज पैसे भरण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. नियम करणाऱ्याचा स्वतःच्या नियमावर किती विश्वास आहे, ते यातून दिसतं. अमेरिकेतली पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट ही पंपांची यंत्रसामग्री बनवणाऱ्या-बसवणाऱ्यांची संघटना. तिने इंधन भरताना लागलेल्या आगींच्या दीडशेहून जास्त घटना गोळा केल्या. त्यात मोबाईलमुळे आग लागल्याचं एकदाही सिद्ध झालं नाही. जी कारणं हाती लागली ती स्थिर विजेची होती. बऱ्याच घटनांत प्रकार एकच: माणूस नोझल लावून गाडीत जाऊन बसला, सीटवरून घसरत उतरला आणि परत येऊन नोझलला हात लावला. मोबाईल कानाला लावून पेट्रोल भरणाऱ्याचं लक्ष उडतं, हे मान्य. फोन काही पेट्रोलच्या वाफेत वापरण्यासाठी तपासून घेतलेला नसतो, हेही मान्य. पण लक्ष उडतं म्हणून बंदी घालायची तर तसं सांगा. ठिणगीचा बागुलबुवा दाखवून लोकांना चुकीच्या वस्तूकडे बघायला शिकवू नका.

आता मूळ मुद्दा. पेट्रोल हा विजेचा अत्यंत वाईट वाहक, पण पूर्ण विद्युतरोधक नाही. त्यात अशुद्धींमुळे अगदी थोडे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात. द्रव एखाद्या घन पृष्ठभागाला भिडला की एका जातीचा भार त्या पृष्ठभागाला चिकटतो आणि विरुद्ध जातीचा भार द्रवात, भिंतीच्या जवळ, रेंगाळत राहतो. हाच दुहेरी विद्युत थर. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८७९ मध्ये त्याची मांडणी केली. द्रव स्थिर असेपर्यंत दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात, बाहेर काही कळत नाही. द्रव वाहू लागला की भिंतीला चिकटलेला भार जागीच राहतो आणि त्याचा जोडीदार प्रवाहाबरोबर पुढे निघून जातो. कॅनमध्ये पडणारं पेट्रोल म्हणून भारित असतं. पाइप जमिनीला जोडलेला असेल तर त्याच्यावर उरलेला भार निघून जातो. पेट्रोलबरोबर गेलेला मात्र जाईल तिथे जातो. वाटेत फिल्टर असेल तर गोष्ट आणखी वाढते. फिल्टरच्या बारीक छिद्रांत द्रव आणि घन यांच्या स्पर्शाचं क्षेत्रफळ प्रचंड असतं, त्यामुळे तयार होणारा भार साध्या पाइपच्या कितीतरी पट होतो. पृष्ठभागाशी नेमकं काय उडी मारतं, इलेक्ट्रॉन की आयन, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं की पाणी टेफ्लॉनवर अडखळत, मग एकदम घसरत सरकतं, तेव्हा कोरडा पृष्ठभाग पहिल्यांदा भिजतानाच मोठा भार तयार होतो आणि पाणी मागे हटलं तरी तो जात नाही. म्हणजे हे जुनं प्रकरण अजून बंद झालेलं नाही.

जुनं किती? १८४० मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या सेगहिल इथल्या कोळसा खाणीवर एका इंजिनवाल्याने बॉयलरमधून गळणाऱ्या वाफेत एक हात धरला आणि दुसरा झडपेच्या दांड्याकडे नेला, तर ठिणगी उडून झटका बसला. त्या काळी वकिली करणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँगने त्याचा पाठपुरावा केला आणि वाफेच्या फवाऱ्यावर चालणारं, लांबलचक ठिणग्या पाडणारं यंत्रच बनवलं. वाफ होताना वीज निघते, असा समज झाला. १८४३ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने तो मोडला: वीज वाफेची नाही, वाफेबरोबर तोटीला घासत जाणाऱ्या पाण्याच्या थेंबांची. त्याच प्रयोगांत त्याला दिसलं की पाण्यात थोडं मीठ किंवा आम्ल मिसळलं, म्हणजे पाणी वाहक झालं, की ही वीज दिसेनाशी होते. ही मिठाची गोष्ट लक्षात असू द्या. माझ्या विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा तिच्यातूनच येतो.

त्याआधी नेहमीचा मुद्दा: ‘आजवर काही झालं नाही.’ हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नागपुरात रोज किती गाड्यांत पेट्रोल भरलं जातं आणि किती पेट घेतात? जवळजवळ एकही नाही. कारण आग लागायला तीन गोष्टी एकाच जागी, एकाच क्षणी जुळाव्या लागतात. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये हवं, साठलेला भार हवा, आणि तो भार ठिणगी होऊन उडेल अशी फट हवी. गाडीच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की ती पेटत नाही. पेटण्याजोगं मिश्रण तोंडाशी असतं. रिकाम्या कॅनचं तसं नाही. त्यात आधी हवाच असते, आणि पेट्रोल पडू लागताच आतलं मिश्रण त्या धोक्याच्या टप्प्यातून जातं, नेमकं भारित द्रव ओतला जात असतानाच. शिवाय आपल्याकडे ग्राहक स्वतः नोझल धरत नाही, पंपावरचा माणूस दिवसभर तिथेच उभा असतो. अमेरिकेतल्यासारखं सीटवरून घसरत येऊन नोझल धरणं इथे होत नाही, त्यामुळे आपले पंप त्या बाबतीत जास्त सुरक्षित आहेत. हे श्रेय द्यायलाच हवं. पण यातलं एकही कारण बाटली-कॅनला लागू होत नाही.

आणि ‘आजवर झालं नाही’ म्हणणाऱ्यांना डिसेंबर १९६९ आठवावा. त्या एका महिन्यात दोन लाख टनांच्या घरातले तीन महाकाय तेलवाहू टँकर स्फोटात सापडले: मार्पेसा, मॅक्ट्रा आणि काँग हाकॉन सातवा. मार्पेसा तर बुडालाच. तिन्ही जहाजं तेल भरत नव्हती. रिकाम्या टाक्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतल्या जात होत्या. टाक्या धुण्याची ही पद्धत लहान जहाजांवर आधीपासून चालत आली होती, आणि तिथेही लोक हेच म्हणत असणार की काही होत नाही. टाकी मोठी झाली तसा आतला भारित तुषारांचा ढगही मोठा झाला, आणि तेलाच्या उरल्यासुरल्या वाफेत ठिणगी पडली. चौकशीनंतर टाक्यांत निष्क्रिय, म्हणजे आग पेटू न देणारा, वायू भरण्याची पद्धत जगभर रूढ झाली. वाहण्यातून होणाऱ्या विजेचं सर्वांत वाईट रूप पाण्याने दाखवलं, पेट्रोलने नव्हे. हे वाचून तरी ‘वाहण्यातच वीज आहे’ या वाक्याकडे कोणी नीट बघेल का?

आता तो जोरकस मुद्दा. आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल ध्रुवीय द्रव, त्यामुळे मिश्रणाची विद्युतवाहकता निव्वळ पेट्रोलपेक्षा खूपच जास्त. तेलउद्योगात सर्वसाधारण ठोकताळा असा की वाहकता मीटरला ५० पिकोसीमेन्सपेक्षा (हे वाहकतेचं अतिसूक्ष्म एकक) कमी असेल तर द्रव भार धरून ठेवतो. एका पिकोसीमेन्सच्या द्रवात भार एक-तृतीयांशाच्या जवळ उतरायला सुमारे १८ सेकंद लागतात, वाहकता वाढली की हाच काळ सेकंदाच्या अंशावर येतो. म्हणजे फॅरेडेच्या मिठाचं काम इथेनॉल करतं. मग स्थिर विजेची भीती कालबाह्य झाली ना? इतका विचार करून कोणी बोलत असेल तर त्याला मी मानतो, पण त्याच्या युक्तिवादात एक दुवा राहिला आहे. द्रव वाहक झाला की भार द्रवातून निघून जातो, हे खरं. पण निघून जातो कुठे? भांड्याच्या भिंतीवर, आणि भिंतीतून जमिनीत. जमिनीची वाट असेल तरच. भांडं जमिनीपासून तुटलेलं असेल तर द्रव कितीही वाहक असो, सगळा भार त्या भांड्यावरच बसून राहतो. स्कूटरच्या पायदानावर ठेवलेल्या कॅनला ही वाट नसते.

इथे आकडे बघितलेच पाहिजेत, नाहीतर हा वाद नुसता शब्दांचा राहील. समजा पेट्रोलबरोबर घनमीटरला २० मायक्रोकुलंब भार येतोय. दहा लिटरमध्ये तो ०.२ मायक्रोकुलंब झाला. पत्र्याचा कॅन स्कूटरच्या प्लास्टिकच्या पायदानावर, वर रबरी मॅट, अशा अवस्थेत त्याची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, २० पिकोफॅरडच्या आसपास धरू. भागाकार केला तर १०,००० व्होल्ट येतात आणि साठलेली ऊर्जा एक मिलीज्यूल. पेट्रोलची वाफ पेटवायला पाव मिलीज्यूल पुरते. आणि कॅन पत्र्याचा, म्हणजे वाहक; त्यामुळे त्याच्यावरचा सगळा भार एकाच ठिणगीत उडू शकतो. प्लास्टिकच्या भिंतीवरचा भार जागच्या जागी अडकलेला असतो, तो एकदम गोळा होऊन उडत नाही. म्हणजे जमिनीपासून तुटलेला पत्र्याचा कॅन साध्या प्लास्टिकच्या कॅनपेक्षाही धोकादायक ठरू शकतो. ‘प्लास्टिक वाईट, पत्रा चांगला’ एवढंच शिकलेला माणूस पत्र्याचा कॅन घेऊन येतो, तो दोन पायांच्या मध्ये पायदानावर ठेवतो, गाडीवरून उतरतसुद्धा नाही, आणि पंपावरचा माणूस वरून धार सोडतो. नियम पाळला गेला, धोका वाढला. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने, निऑशने, १९९८ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: पिकअप गाडीच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवून कॅन भरू नका, आधी जमिनीवर उतरवा. त्यांची पिकअप, आपली स्कूटर.

यावर ‘पण हवेत ओल असते, भार आपोआप निघून जातो’ असं पुण्या-मुंबईचा माणूस म्हणू शकेल. पावसाळ्यात आपणही म्हणू शकतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते, आणि थंडीतल्या कोरड्या दिवसांत पॉलिस्टरचं ब्लँकेट ओढलं की अंधारात चिंगाऱ्या दिसतात, हे विदर्भातल्या कोणालाही सांगायला नको. माणसाचं शरीर हेही जमिनीपासून तुटलेलं वाहक होऊ शकतं. साधारण ३,००० व्होल्टला आपल्याला जेमतेम चटका जाणवतो, आणि तेव्हा शरीरावर साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलीज्यूलच्या वर असते. म्हणजे जो चटका आपण ‘काही नाही, करंट आला’ म्हणून सोडून देतो, तो पेट्रोलच्या वाफेला पुरेसा आहे.

मग कायदा काय म्हणतो? नियमवाल्या गटाचा सगळा भर कायद्यावर असतो, म्हणून तोही बघू. १९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवू देतो. अट अशी की ते काचेच्या, दगडी मातीच्या किंवा धातूच्या, घट्ट बूच बसणाऱ्या भांड्यात असावं. काच किंवा मातीचं भांडं एक लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव नाही, म्हणून प्लास्टिक चालत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. निष्कर्ष बरोबर, पण त्यात दूरदृष्टी शोधू नका. पॉलिथिनचा शोध इंग्लंडातल्या प्रयोगशाळेत लागला १९३३ मध्ये, तोही अपघाताने. वर्षभरात आलेल्या कायद्याने प्लास्टिकच्या कॅनचा विचार केला असेल हे शक्य नाही. शिवाय काच तर विद्युतरोधकच. कायद्याला भीती होती ती भांडं फुटण्याची आणि गळण्याची. भाराचा प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता. आणि प्लास्टिक म्हणजेच मृत्यू म्हणणाऱ्यांना हेही सांगायला हवं की ब्रिटनमध्ये २०१४ च्या नियमांनुसार माणसाला पेट्रोल प्लास्टिकच्या भांड्यात १० लिटरपर्यंत आणि धातूच्या भांड्यात २० लिटरपर्यंत ठेवता येतं. ते भांडं पाण्याची रिकामी बाटली नसतं, त्यासाठीच बनवलेलं, जाड भिंतीचं, झाकण घट्ट बसणारं असतं. पण प्लास्टिकच असतं. ‘जगात कुठेच चालत नाही’ हे वाक्य पंपावर ऐकू येतं, ते खरं नाही.

बाटलीबंदीची आणखी एक बाजू आहे आणि ती विजेशी संबंधित नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. सुटं पेट्रोल विकूच नका ही मागणी अशा घटनांनी बळावते, आणि ती करणाऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही. पण तो पोलिसांचा प्रश्न आहे. त्याला उत्तर म्हणजे कोण नेतंय, कशासाठी, याची नोंद. पंपावरच्या आगीचा प्रश्न आणि गुन्ह्याचा प्रश्न एकाच ‘बाटली नाही’मध्ये कोंबले, तर दोन्ही अर्धवट सुटतात. ज्याला गुन्हा करायचा आहे तो गाडीच्या टाकीतून काढून घेईल. ज्याला फवारणी करायची आहे तो मात्र हात हलवत परत जाईल.

आणि हा फवारणीवाला खरा आहे. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप असतो, गवत कापायचं मशीन असतं, गावात लाइन गेली की छोटा जनरेटर लागतो. त्यांना चाकं नाहीत, ती पंपावर आणता येत नाहीत. गडचिरोलीच्या आतल्या गावांत पंपच कोसांवर असतो, म्हणून तिथे टपरीवर बाटलीत पेट्रोल टांगलेलं दिसतं. नियमवाल्यांनी या माणसासाठी काय सोय ठेवली आहे? ‘काहून नाही देत भाऊ, रोज तर नेतो’ असं तो विचारतो, तेव्हा पंपावरचा पोरगा पाटीकडे बोट दाखवतो, कारण त्यालाही कोणी काही समजावलेलं नाही. मग वाद मालकाच्या ओळखीवर सुटतो: ओळख असली की बाटली भरते. जो नियम ओळखीने वाकतो तो सुरक्षेचा नियम राहत नाही.

तेल कंपन्यांच्या डेपोंवर हेच शास्त्र काटेकोरपणे पाळलं जातं, हे विशेष. टँकर भरताना आधी त्याला जमिनीची वायर जोडतात. पाइपचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत आणि नंतरही सातच्या वर जाऊ देऊ नये, असा उद्योगाचा दंडक आहे. पूर्वी टँकरच्या मागे रस्त्यावर घासत जाणारी साखळी दिसायची. डांबरावर तिचा उपयोग थोडाच, पण ड्रायव्हरला निदान एवढं माहीत होतं की गाडीत वीज साठते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक फक्त दशलक्षात १० भाग. हवेच्या दृष्टीने ते उत्तम, पण गंधक काढताना वाहकता देणारे अंशही निघून जातात. म्हणून आधी पेट्रोल नेलेल्या, त्याची वाफ उरलेल्या कप्प्यात डिझेल भरताना जास्त जपावं लागतं. हे सगळं डेपोच्या फाटकाच्या आत ज्ञात आहे. फाटकाबाहेर, पंपावर, त्याचा मागमूस नाही.

देशभरच्या पंपांना परवाने देणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, हिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. १८९८ पासूनची ही यंत्रणा. या विषयातलं देशातलं अधिकृत ज्ञान तिथेच आहे. तिच्याकडून मला बंदीची आणखी एक पाटी नको आहे. हवंय ते एवढंच: ठरावीक घडणीच्या, शिक्का मारलेल्या पाच-दहा लिटरच्या कॅनला रीतसर मान्यता, तो पंपावरच रास्त किमतीला मिळण्याची सोय, नेणाऱ्याची वहीत नोंद, आणि मराठीत चार ओळींचा फलक. कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवा. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरा, वरून धार सोडू नका. सुरुवातीला हळू सोडा. भरून होईपर्यंत नोझल उचलू नका. फलकासाठी पंपाला शंभर-दोनशे रुपयांच्या वर खर्च येणार नाही. पोरांना अर्धा दिवस शिकवायचा खर्च थोडा जास्त, पण तो मालकाने करावा. परवाना त्याच्या नावावर असतो.